सांधा नीट, तर इंजिन नीट

जुन्या गाडीचं इंजिन खोलणारे पुष्कळ असतात, बांधणारे थोडे. खोलायला पाने आणि जोर पुरतो. दोन माणसं हाताशी असली की चार सिलिंडरचं इंजिन दिवसभरात सुटं होतं. मग ते सुटे भाग पत्र्याच्या डब्यांत आणि खोक्यांत महिनोन्‌महिने पडून राहतात, नटबोल्टांची सरमिसळ होते, बोअरवर गंज चढतो आणि अखेर भंगारवाला दाराशी येतो. अशा तऱ्हेने संपलेल्या गाड्यांमध्ये कितीतरी गाड्या मुळात चांगल्या होत्या. खोलल्यावर पुढे काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, हे सांगणारं कुणी जवळ नव्हतं, एवढंच त्यांचं दुर्दैव.

हे पुस्तक त्या पुढच्या कामासाठी आहे. फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचं १०८९ सीसीचं इंजिन नवी गॅस्केट आणि नवी सील घालून पुन्हा कसं बांधायचं, हा त्याचा विषय. बोअर कसा करायचा, क्रँक कसा घासायचा, ही कामं मशीन शॉपची. ती नीट झाली आहेत की नाहीत हे कसं तपासायचं ते इथे आहे, पण पुस्तकाचा खरा भर बांधणीवर आहे. बांधणीतही सर्वांत जास्त पानं सांध्यांना दिली आहेत, कारण माझ्या मते जुन्या इंजिनाचं आयुष्य तिथेच ठरतं.

इंजिन गळायला लागलं, पाणी प्यायला लागलं, की पहिला आळ गॅस्केटवर येतो. ‘गॅस्केट हलकं निघालं’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा गॅस्केट बिचारं आपलं काम करायला तयार असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा धातू तयार नसतो. कुठे हेड वाकलेलं असतं, कुठे जुन्या गॅस्केटचा पापुद्रा चिकटून राहिलेला असतो, कुठे एक बोल्ट घट्ट आणि शेजारचा सैल असतो. नवं गॅस्केट जुन्या आळसावर पांघरूण घालत नाही. हे एक वाक्य वाचकाच्या मनात पक्कं बसलं, तर पुस्तकाचं निम्मं काम झालं असं मी समजेन.

आता हेच इंजिन का निवडलं, ते सांगतो. १९३७ साली तोरिनोच्या फियाट कंपनीने ५०८ सी ही गाडी बाजारात आणली. दांते जाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घडली होती. तिच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये. १९५३ साली आलेल्या ११००-१०३ या मॉडेलमध्येही बोअर आणि स्ट्रोक तेच राहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या गेल्या, आणि १९५०च्या दशकात फियाट आली. गोलसर पाठीची ती जुनी गाडी आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाते. पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, १९७०च्या दशकात तिची आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. नावं बदलली, दिवे आणि जाळ्या बदलल्या, पण पेट्रोलवर चालणाऱ्या पद्मिनीच्या बॉनेटखाली ६८ बाय ७५ हीच मापं राहिली. २००० सालच्या आसपास उत्पादन थांबलं, तोवर या मापांना साठ वर्षं उलटून गेली होती.

त्या काळात मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनी, असं समीकरणच झालं होतं. टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, त्यामुळे ही इंजिनं झटपट उतरली, झटपट बांधली गेली आणि पुन्हा रस्त्यावर आली. एकेका इंजिनाचे दोन-दोन, तीन-तीन वेळा बोअर झाले. या धकाधकीतून मिस्त्री लोकांकडे एक मोठं ज्ञान साठत गेलं. कुठला सांधा आधी पाझरतो, कुठला बोल्ट उलटा लावला तर घोटाळा होतो, कुठे कागदी गॅस्केट चालतं आणि कुठे बुचाचंच लागतं, हे त्यांच्या हातांना पाठ झालं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेच्या नियमामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता हे इंजिन रोज हाताळणारं कुणी उरलेलं नाही. ज्यांनी हाताळलं ते मिस्त्री वयाने थकले आहेत आणि त्यांच्या हाताखालची मुलं इंजेक्शनच्या गाड्यांकडे वळली आहेत. हे ज्ञान लिहून ठेवायचं असेल तर आत्ताच.

हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सांध्यावर काय बेततं, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ६८ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ साधारण ३६ चौरस सेंटिमीटर. पूर्ण थ्रॉटलवर स्फोटाचा कमाल दाब दर चौरस सेंटिमीटरला ४० किलो धरला, तर एका सिलिंडरवरचं हेड जवळजवळ दीड टन जोराने वर उचललं जातं. इंजिन ३००० आरपीएमवर असताना हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. त्याच सांध्यातून पाण्याच्या वाटा जातात, शेजारून ऑइल जातं. म्हणजे जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या एका थराने जळता वायू, उकळीच्या जवळचं पाणी आणि दाबाखालचं ऑइल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं असतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. तापलं की ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. हेड ४० सेंटिमीटर लांबीचं आणि तापमानातली वाढ ७० अंशांची धरली, तर हेड साडेसहा दशांश मिलिमीटरच्या आसपास लांबतं आणि त्याखालचा ब्लॉक तीन दशांश. गाडी तापली की हेड ब्लॉकवर किंचित सरकतं, थंड झाली की मागे येतं. गॅस्केटला हे सरकणं रोज सोसावं लागतं. म्हणून पृष्ठभागावर पानशीने किंवा पटाशीने ओढलेला एक खोल ओरखडा कागदावर क्षुल्लक दिसला, तरी प्रत्यक्षात तो वायूला आयती वाट करून देतो. एकदा वायूने वाट काढली की तो कडा जाळत जातो आणि दोन सिलिंडरांमधली अरुंद पट्टी सर्वांत आधी जाते.

या कारणासाठी पुस्तकाचं पहिलं प्रकरण खोलण्याच्या शेवटच्या टप्प्यापासून सुरू होतं. जुनं गॅस्केट उतरल्याबरोबर कचऱ्यात टाकू नये. ते टेबलावर पसरावं, त्यावर सिलिंडरचे क्रमांक लिहावेत आणि उजेडात नीट पाहावं. दोन बोअरच्या मधे काळा पट्टा दिसला, तर तिथून वायू फुटत होता. पाण्याच्या भोकाभोवती गंजाचा डाग कडेपर्यंत पसरलेला असेल, तर तिथे आवळण कमी पडलं होतं. एका टोकाला दाबाचा ठसा खोल आणि दुसऱ्या टोकाला पुसट असेल, तर हेड वाकल्याचा संशय घ्यावा. त्याची जाडीही मोजून ठेवावी. गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड बसलं, तर या बोअरला प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे १.८ सीसी जागा वाढते आणि कॉम्प्रेशन उतरतं. हेड आधी कधी घासून घेतलं असेल तर उलट होतं. जुनं गॅस्केट हा इंजिनाच्या मागच्या आयुष्याचा दाखला आहे, आणि तो वाचून घेतल्याशिवाय नवं पाकीट फोडू नये.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. त्या काळातलं हेड गॅस्केट म्हणजे तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात, आणि त्यातून होणारे कर्करोग कित्येक दशकांनी डोकं वर काढतात. असं गॅस्केट कोरडं खरवडू नये, वायर ब्रश लावलेल्या ड्रिलने तर मुळीच घासू नये, आणि हवेच्या पाइपने धूळ उडवू नये. पृष्ठभाग ओला करावा, बोथट पानशीने पापुद्रा सोडवावा, निघालेला चुरा ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करावा, तोंडाला योग्य प्रतीचा मास्क लावावा. गॅरेजात हे खरवडण्याचं काम नेहमी सर्वांत लहान पोऱ्याच्या वाट्याला येतं. त्याच्या छातीची काळजी मालकाने घेतली पाहिजे. आज ॲस्बेस्टॉसविरहित गॅस्केट मिळतात. जुन्या पेटीतलं ‘ओरिजनल’ सापडलं म्हणून ते आनंदाने वापरावं, या मताचा मी नाही.

दुसरं प्रकरण पृष्ठभागांचं. चांगली सरळपट्टी आणि फीलर गेज, एवढ्यावर हेडची परीक्षा होते. पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची आणि खालून पाती सरकवून पाहायची. ०.०५ मिलिमीटरची पाती सहज शिरली, तर हेड मशीन शॉपकडे पाठवायचं. ब्लॉकचाही माथा असाच तपासायचा. तो लोखंडाचा आहे म्हणून सपाटच असेल, हे गृहीत धरू नये. स्टडच्या मुळाशी धातू वर ओढला जाऊन बारीक उंचवटा तयार होतो आणि तेवढ्यावरही हेड अधांतरी बसतं. टायमिंग कव्हर, पाण्याच्या पंपाचं झाकण, थर्मोस्टॅटचं घर हे छोटे भाग घरीही सपाट करता येतात. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरायचा, त्यावर थोडं केरोसीन टाकायचं आणि भाग हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचा. उंच जागा आधी चमकतात. सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबायचं. टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबर पत्र्याचे असतात. मागच्या कुणीतरी बोल्ट जास्त आवळल्यामुळे त्यांच्या भोकांभोवतीचा पत्रा आत दबलेला असतो. तो ठोकळ्यावर ठेवून उलट बाजूने ठोकून सरळ केल्याशिवाय कितीही महागडं बुचाचं गॅस्केट घातलं तरी ऑइल पाझरणारच.

कागदी गॅस्केटची गोष्ट निराळी. ती साधी दिसतात म्हणून दुर्लक्षिली जातात. आपल्याकडचे कसबी मिस्त्री गॅस्केटचा कागद थेट भागावर ठेवतात आणि छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने कडेने टकटक करत जातात. भागाची कडाच कागद कापते आणि भोकं हातोडीच्या गोल तोंडाने उमटतात. हे काम पाहत राहावं असं असतं. मात्र ॲल्युमिनियमच्या भागावर अशाने कडा बसतात आणि भोकांची तोंडं बोथट होतात. तिथे भागाच्या कडेला शाई लावून कागदावर ठसा घ्यावा आणि कात्रीने, पंचने कापावं. त्याहून महत्त्वाची बाब कागदाच्या जाडीची. पंपाच्या झाकणाखालचा कागद पुष्कळदा आतल्या भागांची मोकळीकही ठरवतो. ऑइल पंपाच्या झाकणाखाली गरजेपेक्षा जाड कागद गेला की दात्यांच्या बाजूने ऑइल मागे फिरतं आणि दाब कमी पडतो. मग बेअरिंगला दोष दिला जातो, इंजिन पुन्हा उतरतं, आणि चूक झाकणाखाली तशीच राहते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक कागदी गॅस्केटसाठी जुन्या कागदाची जाडी मोजून तीच राखण्याचा आग्रह आहे.

तिसऱ्या प्रकरणात बांधणीचा क्रम आहे. त्याची सुरुवात साफसफाईपासून होते. मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक दिसायला लख्ख असतो, पण ऑइलच्या आतल्या वाटांमध्ये घासकामाचा चुरा अडकलेला असतो. त्या वाटांचे प्लग काढून लांब ब्रश फिरवावा लागतो, केरोसीनने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने धुवावं लागतं, वाळवून लगेच ऑइलचा हात फिरवावा लागतो. पांढरं फडकं बोअरमधून फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग मेन बेअरिंगचे शेल, क्रँक, आणि मोकळीक तपासण्यासाठी प्लास्टिगेजचा मऊ दोरा. दोरा क्रँकवर आडवा ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक न फिरवता पुन्हा सोडायची आणि चपटा झालेला दोरा सोबतच्या पट्टीशी ताडून पाहायचा. दोन मिनिटांचं हे काम पुढचे हजारो किलोमीटर वाचवतं. रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक करून बोअरमध्ये बसवून त्यांच्या तोंडातली फट मोजायची. फट उरलीच नाही तर रिंग तापल्यावर तोंडं भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो.

हेड आवळणं हा या प्रकरणाचा गाभा. टॉर्क रेंचवर जो आकडा दिसतो, त्यातला मोठा वाटा घर्षणात जातो. साधारण निम्मा जोर नटच्या बुडाशी, चाळीस टक्के आट्यांमध्ये, आणि बोल्ट ताणून सांधा दाबायला उरतो जेमतेम दहा टक्के. आटे गंजलेले किंवा नटचं बूड खडबडीत असेल, तर रेंच ‘टक्’ वाजतो, हाताला समाधान मिळतं आणि सांध्यावर दाब मात्र पोचलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक स्टड तारेच्या ब्रशने साफ करायचा, आट्यांना ऑइलचा थेंब लावायचा, वॉशर सपाट आहे हे पाहायचं. बुडाशी बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी साठलेलं नको, कारण बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळण मधून सुरू करून आळीपाळीने बाहेरच्या बोल्टांकडे जायचं, आणि पूर्ण टॉर्क एकदम न देता तीन टप्प्यांत द्यायचा. मधून बाहेर जाण्यामागे कारण आहे. दोन टोकं आधी दाबली तर मधला फुगवटा अडकून पडतो आणि त्याला पसरायला जागा राहत नाही. इंजिन पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झालं की हेच आवळण त्याच क्रमाने पुन्हा तपासायचं, कारण या प्रकारचं गॅस्केट पहिल्या तापण्यात थोडं बसतं. त्यानंतर टॅपेटची फट पुन्हा मोजायची. घाईत हे राहून जातं, आणि काही महिन्यांनी रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात किंवा डिपस्टिकवर ऑइलचं दूध झालेलं सापडतं.

चौथं प्रकरण सीलचं आहे, आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त आनंद झाला. गॅस्केट दोन स्थिर भागांमध्ये बसतं, सीलला मात्र फिरत्या शाफ्टवर काम करायचं असतं. ४० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट ४००० आरपीएमने फिरत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सीलच्या ओठाखालून ताशी ३० किलोमीटर वेगाने सरकत असतो. त्या ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग असते आणि ओठाखाली ऑइलचा अतिशय पातळ थर. ऑइल अडवणारा ओठ स्वतः मात्र ऑइलवरच जगतो. कोरडा बसवला तर पहिल्या काही मिनिटांत करपतो. सील बसवण्याआधी ओठाला ऑइल किंवा ग्रीस लावायचं, ओठ ऑइलच्या बाजूला ठेवायचा, शाफ्टच्या खाचेवरून सरकवताना ओठ फाटू नये म्हणून पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, आणि सील सरळ, बाहेरच्या कडेवर टेकणाऱ्या नळीने किंवा ठोकळ्याने आत घालायचं. शाफ्टवर जुन्या ओठाने गोल चर पाडलेली असते. नवं सील नेमकं त्याच चरीत बसलं तर नवं असूनही गळतं. जागा असेल तर ते मिलिमीटरभर पुढे-मागे बसवावं. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवून घ्यावी.

रबराची जात ओळखणंही गरजेचं आहे. नायट्राइल रबर ऑइलला चांगलं तोंड देतं, पण शंभर अंशांच्या पलीकडे बराच काळ राहिलं की कडक होतं. व्हायटॉन दोनशे अंशांच्या आसपासचं तापमान सोसतं. आणि रबर फडताळातही म्हातारं होतं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पाकिटातलं कंपनीचं सील मिळालं की हरखून जायला होतं. पण कित्येक वर्षं पडून राहिलेलं ते सील बोटांत धरून ओठ वाकवून पाहावं. भेग दिसली किंवा ओठ परत जागेवर आला नाही, तर त्याच मापाचं आजचं सील घ्यावं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी लिहिलेली असते. बेअरिंगच्या दुकानात मापं सांगितली की पुष्कळदा काम होतं.

पेट्रोलच्या बाजूला आता नवा प्रश्न उभा आहे. २०२३च्या फेब्रुवारीत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागलं आणि पुढे ते देशभर पसरलं. हे इंजिन घडलं तेव्हा असं इंधन कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, आणि बुचाचे वॉशरही खराब होतात. यात सर्वांत मोठा धोका ब्लॉकवर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि नव्याने बसवलेले शेल थोड्याच दिवसांत घासले जातात. वरून पाहणाऱ्याला गळतीचा थेंबही दिसत नाही. म्हणून इंजिन बांधताना पंपाचा पडदा, कार्बोरेटरचा गॅस्केट संच आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घालावेत, आणि डिपस्टिकचा वास घेण्याची सवय ठेवावी.

एका प्रलोभनाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सिलिकॉनची ट्यूब हाताशी आली की गॅस्केटचा विचार करणंच थांबतं. दोन भागांमध्ये भरपूर सिलिकॉन भरायचं, आवळायचं, आणि बाहेर आलेलं बोटाने पुसायचं. बाहेर जेवढं आलं तेवढंच आतही आलेलं असतं. तो आतला तुकडा सुटतो, ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो आणि इंजिन तहानलेलं राहतं. सिलिकॉनला जागा आहे, पण ती ठरावीक कोपऱ्यांत, जिथे दोन गॅस्केट किंवा तीन भाग एकत्र येतात तिथे, आणि तीही पातळ रेघेएवढी. कागदी गॅस्केटला शेलॅकचा किंवा ग्रीसचा हलका हात पुरतो. बुचाच्या गॅस्केटला फक्त पत्र्याच्या बाजूला शेलॅक लावावं, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर काढताना ते अखंड राहतं. हेड गॅस्केटला उत्पादकाने सांगितलं नसेल तर काहीही लावू नये.

शेवटचं प्रकरण इंजिन सुरू करण्याचं. प्लग काढून, स्टार्टर थांबत थांबत फिरवून ऑइलचा दाब आला याची खात्री करायची. मग प्लग, १-३-४-२ या क्रमाने तारा, पाणी, पेट्रोल आणि पहिली ठिणगी. त्या पहिल्या अर्ध्या तासात एक माणूस गेजसमोर आणि एक माणूस टॉर्च घेऊन इंजिनाभोवती हवा. गळती सुरू होताना पकडली तर तिचा उगम कळतो. ऑइल सगळीकडे पसरल्यावर उगम शोधणं फार कठीण.

हे सगळं एवढ्या बारकाईने का करायचं, असा प्रश्न कुणी विचारेल. त्याचं एक उत्तर कायद्यातही आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले चालत नाहीत. सगळ्या डुक्कर फियाट, डिलाइट, प्रेसिडेंट आणि पहिल्या काही वर्षांच्या पद्मिनी आज वयाने या नियमात बसतात. त्यांचं मूळ इंजिन थकलं म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवण्याची सोपी वाट अनेकांनी याआधी धरली. मूळ इंजिन नीट बांधून ठेवणारा माणूस गाडीची ओळख राखतो. पन्नास वर्षांपूर्वी कुर्ल्यात कामगारांनी जे घडवलं, ते पुढच्या पिढीला चालतं-फिरतं पाहता यावं, असं मला मनापासून वाटतं.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला, ज्याच्या घरी आजोबांची किंवा वडिलांची फियाट उभी आहे आणि ज्याला स्वतःच्या हातांनी तिच्यावर काम करायचं आहे. दुसरा, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यास करणारा मुलगा किंवा मुलगी, ज्यांना सुट्या भागांमागचं कारण समजून घ्यायचं आहे. तिसरा, जो गाडी मिस्त्रीकडे देतो, पण काय झालं आणि काय राहिलं हे विचारू शकेल एवढं जाणून घेऊ इच्छितो. या तिसऱ्या वाचकाला माझी खास विनंती आहे. मिस्त्रीने हेड पुन्हा आवळण्यासाठी गाडी परत बोलावली, तर ती वेळ त्याला द्या. पृष्ठभाग घासण्याचे, मापं घेण्याचे पैसे त्याने मागितले, तर ते न कुरकुरता द्या. चांगलं काम वेळखाऊ असतं, आणि त्या वेळेची किंमत मोजणारं गिऱ्हाईक मिळालं तरच ते करणारे हात टिकतील.

ज्यांच्या शेजारी उभं राहून मी हे शिकलो, त्या मिस्त्रींनी टॉर्कचे आकडे क्वचितच उच्चारले. ते बोलायचे ते सफाईबद्दल, सपाटीबद्दल आणि सबुरीबद्दल. या पुस्तकात आकडे आहेत, आकृत्या आहेत, तक्ते आहेत, कारण लिहिलेल्या शब्दाला हाताचा अंदाज देता येत नाही. पण वाचकाने काम सुरू करताना आधी सरळपट्टी उचलावी, मग पाना. हेडखाली पाती शिरते का, एवढं त्याने प्रामाणिकपणे पाहिलं आणि शिरली तर पुढे न जाता थांबला, तर त्याचं इंजिन टिकेल. पुढची सगळी प्रकरणं त्या एका थांबण्याच्या आधारावर उभी आहेत.